अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

लंडन ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती, असं इंटरनेटवर शोधलं की क्षणात उत्तर मिळतं: सुमारे ५,५४० किलोमीटर. त्याच्याच खाली उड्डाणाला लागणारा वेळ दिलेला असतो, तोही अगदी मिनिटापर्यंत. दोन्ही आकडे एकाखाली एक, एकाच ठशात छापलेले असल्यामुळे सारखेच पक्के वाटतात. पण त्यांची जातकुळी वेगळी आहे. अंतराचा आकडा आजही तोच, पुढच्या वर्षीही तोच. अटलांटिक महासागर दरवर्षी दोन-अडीच सेंटिमीटरने रुंदावतोय खरा, पण त्याचं प्रवाशाला काही सोयरसुतक नाही. वेळेचा आकडा हा मात्र निव्वळ अंदाज. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. त्याच जातीचं विमान तेच अंतर उलट दिशेने कापताना सात तासांहून अधिक वेळ घेतं. विमान तेच, इंजिनं तीच, शहरंही तीच.

हे असं का होतं, ते कळायला आधी अंतर म्हणजे नक्की काय मोजलं जातं ते पाहावं लागेल.

कुठून कुठपर्यंत?

शहर म्हणजे एक ठिपका नव्हे. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर दूर आहे, आणि लंडनला तर वेगवेगळ्या दिशांना अनेक विमानतळ आहेत. काही संकेतस्थळं शहराच्या मध्यबिंदूपासून मोजतात, काही विमानतळापासून. म्हणून दोन ठिकाणी आकडे थोडे वेगळे दिसले तर दचकायचं कारण नाही. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात हा फरक कुठल्या कुठे हरवतो, पण चारशे किलोमीटरच्या प्रवासात तो जाणवतो. विमान कंपन्यांना शहराशी देणंघेणं नसतं. त्यांचं सगळं गणित विमानतळ ते विमानतळ.

आता या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट कोणती? सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली की झालं, असं वाटतं. इथेच पहिली फसगत होते. न्यूयॉर्क आणि माद्रिद घ्या. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ४०.५ अंश उत्तरेच्या आसपास. नकाशावर एक दुसऱ्याच्या थेट पूर्वेला दिसतं. मग नाक पूर्वेकडे करून, अक्षांश न सोडता सरळ उडत राहावं की नाही? तसं केलं तर साधारण १७० किलोमीटर जास्त उडावं लागेल. जवळची वाट न्यूयॉर्कहून ईशान्येकडे निघते, महासागराच्या मध्यावर ४६ अंश उत्तरेपर्यंत वर जाते आणि मग आग्नेयेकडे उतरत माद्रिदला पोहोचते. नकाशावर ती कमानीसारखी दिसते आणि उगाच वळसा घातल्यासारखी वाटते.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोरा घेऊन हे पाहता येईल. दोऱ्याचं एक टोक न्यूयॉर्कवर, दुसरं माद्रिदवर दाबा आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकून ताठ होतो. त्याने धरलेली वाट हीच खरी सरळ वाट. ती पुढे वाढवत नेली तर पृथ्वीला वेढा घालून परत तिथेच येईल आणि पृथ्वीचे बरोबर दोन सारखे भाग करेल. अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. वैमानिकांच्या तोंडी मात्र ‘ग्रेट सर्कल’च असतं. विषुववृत्त हे असंच एक बृहद्वृत्त आहे, पण ४० अंशांचं अक्षवृत्त नाही, कारण ते पृथ्वीचे दोन सारखे भाग करत नाही.

दोष नकाशाचा आहे, आणि तोही म्हटलं तर दोष नाही. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये बनवलेला नकाशा दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्राचा काटा एका दिशेला धरून जहाज हाकलं तर त्या वाटेची नकाशावर सरळ रेघ दिसावी, ही त्याची गरज होती. ती भागवायची म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश ताणला गेला, आणि त्याबरोबर तिथून जाणाऱ्या जवळच्या वाटाही वाकल्या. आज विमानातल्या पडद्यावर जी कमान दिसते ती या ताणाचीच करामत.

अंतर काढायची रीत ऐकायला अवघड वाटते, पण तिचा गाभा साधा आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही शहरांकडे दोन रेषा काढल्या आहेत अशी कल्पना करा. त्यांच्यामधला कोन किती अंशांचा, ते अक्षांश-रेखांशांवरून त्रिकोणमितीने काढता येतं. पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. लंडन-न्यूयॉर्कचा कोन ४९.८ अंश भरतो, १११.२ ने गुणलं की ५,५४० हाती येतात. हवाई आणि सागरी वाहतुकीत किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरतात तेही याच सोयीसाठी. एका अंशाची साठ मिनिटं (ही कोनाची, घड्याळाची नव्हेत), आणि असं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. पुढे त्याची लांबी बरोबर १.८५२ किलोमीटर अशी ठरवून टाकली गेली. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

पृथ्वी पुरती गोल नाही, ही पुढची मेख. केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८ किलोमीटरवर आणि ध्रुव ६,३५७ किलोमीटरवर आहेत. पृथ्वी चोख गोल धरून केलेल्या हिशेबात त्यामुळे फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. ज्यांना तेवढीही नको त्यांच्यासाठी भूमापनतज्ज्ञ विन्सेंटी यांनी १९७५ मध्ये दिलेली रीत आहे. ती मिलिमीटरपर्यंत अचूक उत्तर देते. प्रवासाचा विचार करताना इतक्या अचूकतेचं लोणचं घालायचं का, असा प्रश्न पडतो खरा. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं म्हणून त्याला जमिनीवरच्या वाटेपेक्षा लांब कमान कापावी लागते, अशीही एक शंका अनेकांना येते. ती बरोबर आहे, पण लंडन-न्यूयॉर्कसारख्या प्रवासात त्याने जेमतेम दहा किलोमीटर वाढतात.

कागदावरची वाट आणि आकाशातली वाट

हे झालं सर्वांत जवळचं अंतर. प्रत्यक्षात कुठलंही प्रवासी विमान त्या रेषेला चिकटून जात नाही. मुळात उड्डाण वाऱ्याला तोंड देऊन होतं, म्हणजे धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेला. मग ती गावाच्या उलट दिशेला का असेना. उतरतानाही तेच, आणि वर गर्दी असेल तर रांगेत घिरट्या. युरोपीय संघाच्या कार्बन हिशेबात म्हणूनच प्रत्येक उड्डाणाच्या बृहद्वृत्ताच्या अंतरात सरसकट ९५ किलोमीटर मिळवायची पद्धत ठेवली गेली. मधल्या वाटेवरही हवाई मार्ग ठरलेले असतात, लष्कराच्या सरावासाठी राखलेली आकाशं असतात, वादळं असतात.

यातलं सर्वांत मोठं वळण राजकारण घालतं. प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद होतं, तेव्हा युरोपातून टोकियोला जाणारी विमानं उत्तर ध्रुवाजवळून अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात. नंतर सायबेरियावरची वाट खुली झाली आणि हेलसिंकी हे युरोपातून आशियाला जायचं जवळचं दार बनलं. तिथून टोकियो साडेनऊ तासांवर आलं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. संकेतस्थळावर विचाराल तर हेलसिंकी-टोकियो अंतर आजही तेच, आठ हजार किलोमीटरच्या आत दिसेल. गणित चुकलेलं नाही. त्या अंतराचा उपयोगच उरलेला नाही.

भूगोलही अडवतो. तिबेटच्या पठारावरून जवळची वाट जात असली तरी विमानं शक्यतो ते टाळतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान पटकन तीन हजार मीटरच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. खाली यायचं तर कुठे?

महासागरांचं दुखणं निराळं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात जवळच्या विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. १९५३ च्या अमेरिकी नियमात ही मर्यादा ६० मिनिटांची होती. म्हणून अटलांटिकवर दीर्घकाळ तीन-चार इंजिनांच्या विमानांचं राज्य होतं. इंजिनं भरवशाची होत गेली तशी १९८५ मध्ये १२० मिनिटांना परवानगी मिळाली, १९८८ मध्ये १८० ला, आणि एअरबस ए-३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंत. ही मर्यादा जेवढी सैल, तेवढी विमानाची वाट दोऱ्याच्या रेषेजवळ. इंजिन सुधारलं की नकाशावरचा वळसा कमी होतो, हा संबंध सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

वारा

आता मुख्य मुद्दा. विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं. हे वाक्य वाचताना कुणालाच नवं वाटणार नाही, पण त्याचा अर्थ पुरता उतरला की वेळेचं सगळं कोडं सुटतं. वाहत्या नदीतल्या होडीसारखंच हे आहे: वल्ही पाण्याला रेटतात, काठाला नाही, आणि पाणीच वाहत असेल तर होडी त्याच्याबरोबर वाहते. विमानाची इंजिनं त्याला आजूबाजूच्या हवेच्या मानाने एक वेग देतात. मोठ्या जेट विमानासाठी तो ताशी ८३० ते ९१० किलोमीटरच्या दरम्यान असतो. जमिनीच्या मानाने वेग किती, हे ती हवा कुठे आणि किती जोरात चालली आहे त्यावर ठरतं.

सोपे आकडे घेऊ. अंतर ५,४०० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. वारा नसेल तर जायला सहा तास, यायला सहा तास, एकूण बारा. आता पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे असं धरू. पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग १,००० होतो, आणि प्रवास ५ तास २४ मिनिटांचा. परत येताना वेग ८०० वर येतो, प्रवास ६ तास ४५ मिनिटांचा. विमान तेच असून दोन फेऱ्यांत सव्वा तासाहून जास्त फरक पडला.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दोन्ही वेळांची बेरीज करा: १२ तास ९ मिनिटं. म्हणजे वाऱ्याने जाताना दिलं त्यापेक्षा येताना जास्त काढून घेतलं. पाठच्या वाऱ्यात विमान कमी वेळ असतं आणि समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ, त्यामुळे हा व्यवहार कधीच बरोबरीत सुटत नाही. जाऊन-येऊन प्रवासात वारा नेहमी तोट्याचाच. आडवा वारासुद्धा फुकट जात नाही, पण त्याचा मार सौम्य असतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा बरोबर बाजूने आला तर विमान नाक थोडं वाऱ्याकडे वळवून उडतं, आणि ९०० चे ८९४ होतात. इतकंच.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमका जिथून विमानं उडतात तिथे, हवेचे अरुंद, वेगवान झोत पश्चिमेकडून पूर्वेकडे पृथ्वीभोवती नागमोडी वाहत असतात. उष्ण प्रदेशातली हवा तापून फुगलेली असते, ध्रुवाकडची थंड हवा आक्रसलेली. त्यामुळे उंचावर गेलं की उष्ण बाजूला दाब जास्त आणि थंड बाजूला कमी असं चित्र तयार होतं. हवा ध्रुवाकडे ढकलली जाते, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिची वाट वळून पूर्वेकडे होते. दोन्ही गोलार्धांत दिशा तीच. हिवाळ्यात ध्रुवाकडचा आणि उष्ण पट्ट्यातला तापमानाचा फरक वाढतो, झोतही जोर धरतो, आणि पूर्वेकडे जाणारी विमानं वेळेच्या आधी पोहोचायला लागतात. एरवी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने वाहणारे हे झोत कधी कधी चारशेच्या वर जातात.

वासाबुरो ओइशी या जपानी हवामान शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगाने वाचावं म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकी बी-२९ बाँबफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा स्वतःच्या अंगावर अनुभवावा लागला.

सुरुवातीला ज्या ४ तास ५६ मिनिटांचा उल्लेख केला, तो प्रताप याच झोताचा. अटलांटिकवर तेव्हा कियारा नावाचं वादळ होतं आणि त्या विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १,३२० किलोमीटरच्या वर गेला. त्या उंचीवर आवाजाचा वेग ताशी साधारण १,०६० किलोमीटर असतो. मग विमानाने आवाजाचा वेग ओलांडला का? मुळीच नाही. भोवतालच्या हवेच्या मानाने ते रोजच्याच वेगाने जात होतं. हवाच त्याला घेऊन धावत होती. खऱ्या अर्थाने आवाजाला मागे टाकणाऱ्या कॉन्कॉर्डने १९९६ मध्ये हेच अंतर २ तास ५३ मिनिटांत कापलं होतं.

इथे एक गैरसमज निस्तरायला हवा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे उडालं तर गाव आपल्या दिशेने येत असणार आणि प्रवास लवकर व्हायला हवा, असा तर्क अनेक जण करतात. विषुववृत्तावर जमीन ताशी जवळपास १,६७० किलोमीटरने फिरते. तो तर्क खरा असता तर हेलिकॉप्टरने नुसतं वर जाऊन थांबावं आणि तासाभराने दीड हजार किलोमीटर पश्चिमेला उतरावं. तसं होत नाही, कारण वातावरणही जमिनीबरोबरच फिरतं, आणि विमान सुटण्याआधीच त्या फिरण्यात सामील असतं. पृथ्वीचं फिरणं वेळेवर परिणाम करतं ते थेट नाही, तर वारा वळवून. आणि तो परिणाम त्या तर्काच्या बरोबर उलटा आहे: पश्चिमेकडे जाणाराच रखडतो.

ऑस्ट्रेलियाचं वेळापत्रक काढून पाहा. पर्थहून सिडनीला, म्हणजे पूर्वेकडे, चार तासांच्या आसपास. सिडनीहून पर्थला पाच. मध्ये ना डोंगर, ना परक्या देशाची हद्द.

पण वाऱ्याची खरी ताकद दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर दिसली. एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ती वाट साधारण १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून नेलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर लांब. प्रवास मात्र साडेचौदा तासांच्या आसपास झाला, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास कमी. भागाकार करून बघा: जमिनीवरचा सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या घरात जातो. एकट्या इंजिनांना हे जमलं नसतं. यावरून एक सरळ गोष्ट कळते. विमानासाठी जवळची वाट म्हणजे ज्या वाटेवर कमीत कमी *हवा* कापावी लागते ती. उड्डाणाचं नियोजन करणारे म्हणून दोन अंतरं वेगवेगळी लिहितात, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं. इंधन दुसऱ्यावर ठरतं.

उत्तर अटलांटिकवर तर रोज नवी वाट आखली जाते. कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर मार्ग जाहीर करतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी झोत टाळणारे, रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी झोतात शिरणारे. आज तुमचं विमान आइसलँडच्या जवळून गेलं आणि परवा मित्राचं खूप दक्षिणेकडून, तर दोन्ही वैमानिकांचं बरोबरच होतं.

उशीर झाला तर वैमानिक वेग का वाढवत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. वाढवतो, पण हातात फार थोडं असतं. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं. ९०० चे ९३० केले तर सहा तासांच्या प्रवासात बारा मिनिटं वाचतात. चांगला वारा गाठला तर त्याच्या कितीतरी पट.

घड्याळ कधी सुरू होतं?

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: विमान दारापासून, म्हणजे गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा. आधुनिक विमान या प्रवासातल्या चार क्षणांची नोंद आपणहून करून जमिनीवर पाठवतं. दारं बंद होऊन ब्रेक सुटले तो पहिला, चाकांवरचा भार नाहीसा झाला तो दुसरा, भार परत आला तो तिसरा, ब्रेक लागून दार उघडलं तो चौथा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला वेळ म्हणजे खरं उड्डाण. पहिल्या-दुसऱ्यामधलं टॅक्सी करणं, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, छोट्या विमानतळावर पाच मिनिटांत उरकतं, मोठ्यावर गर्दीच्या वेळी अर्धा तास सहज खातं.

वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि उतरण सुरू होते ती गाव साधारण दोनशे किलोमीटर दूर असतानाच. अनेक देशांत दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादाही आहे. म्हणून छोट्या प्रवासात विमान पूर्ण वेगाने जेमतेम अर्धा वेळ उडतं. सातशे किलोमीटरला दीड तास का लागतो, याचं उत्तर इथे आहे.

याशिवाय कंपन्या वेळापत्रकात पदरची थोडी मिनिटं घालून ठेवतात. विमान ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलं तर ते वेळेवर धरायची सर्वसाधारण पद्धत आहे, मग आधीच मोकळीक ठेवलेली काय वाईट? ‘आपण वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचलो’ ही घोषणा ऐकून प्रवासी खूश होतात. माझ्या मते त्यातलं निम्मं श्रेय वैमानिकाचं नसून वेळापत्रक लिहिणाऱ्याचं असतं.

तिकिटावरून वेळ काढताना घोटाळा होतो तो स्थानिक वेळांचा. सुटायची वेळ सुटण्याच्या गावची, पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचणारं विमान तीन तासांत जात नाही. न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणून प्रवास आठ तासांचा. परतीला संध्याकाळी ६:३० ला निघून सकाळी ६:३० ला पोहोचलं तर घड्याळात बारा तास दिसतात, पण पाच वजा करून प्रत्यक्षात सातच. त्यातही मार्चमध्ये सावध राहा. अमेरिका घड्याळ पुढे करते दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे हा फरक चारच तासांचा असतो. सर्वांत बिनचूक उपाय म्हणजे दोन्ही वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत बदलून वजाबाकी करणं.

या घोटाळ्याचं टोक प्रशांत महासागरात सापडतं. सामोआची राजधानी आपिया आणि अमेरिकन सामोआची पागो पागो यांच्यामध्ये सव्वाशे-दीडशे किलोमीटर अंतर आहे, पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. सामोआने व्यापाराच्या सोयीसाठी २०११ मध्ये रेषेची बाजू बदलली. त्या वर्षी तिथे ३० डिसेंबर ही तारीख उजाडलीच नाही. आता आपियाहून रविवारी सकाळी निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात पागो पागोला शनिवारी सकाळी उतरतो.

स्वतः अंदाज बांधायचा तर

कुठल्याही दोन शहरांसाठी ढोबळ वेळ मनातल्या मनात काढता येतो. बृहद्वृत्ताचं अंतर घ्या, ८५० ने भागा, आणि टॅक्सी-चढण-उतरणीपोटी चाळीस मिनिटं मिळवा. सिडनी-मेलबर्न ७०६ किलोमीटर: पन्नास मिनिटं अधिक चाळीस, म्हणजे दीड तास. वेळापत्रकातही तेवढाच मिळेल. लांबच्या प्रवासाला मोठं, वेगवान विमान असतं म्हणून ८५० ऐवजी ९०० घ्या, आणि पूर्व-पश्चिम मार्ग असेल तर पूर्वेकडे जाताना एक दशांश कमी, पश्चिमेकडे जाताना एक दशांश जास्त धरा. उत्तर-दक्षिण मार्गाला ही दुरुस्ती नको. पंख्याचं छोटं विमान असेल तर ८५० च्या जागी ५०० टाका. वाटेत बंद आकाश आहे का, ते मात्र बातम्यांवरूनच कळेल. सूत्राला ते माहीत नसतं.

सिंगापूर ते न्यूयॉर्क या जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणाचं अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. सूत्र १७ तास ४० मिनिटं सांगतं, वेळापत्रक साडेअठराच्या पुढे जातं. ठीकच म्हणायचं. दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण आहे, अंतर २.७ किलोमीटर. तिथे हे सूत्र चाळीस मिनिटं सांगतं आणि विमान दोन मिनिटांच्या आत उतरतं; वारा चांगला असताना एकदा ५३ सेकंदांतही उतरलंय.